हायडेलबर्ग विद्यापीठाच्या मनोविकार चिकित्सालयाचा इतिहास : रुग्णनोंदीच्या अंगाने एक विवेचन

प्रस्तावना

वैद्यकीय संस्थांचा इतिहास बहुधा त्यांच्या प्रमुखांच्या नामावळीतून सांगितला जातो. अमुक वर्षी स्थापना, अमुक प्राध्यापकांची कारकीर्द, त्यांचे शोध, मग नवी इमारत आणि अखेरीस महोत्सव, असा त्याचा ठरलेला क्रम असतो. जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाच्या मनोविकार चिकित्सालयाचा इतिहासही या क्रमाने सांगता येतो आणि तो दिपवून टाकणारा ठरतो. एमिल क्रेपेलिन, फ्रान्झ निस्ल, कार्ल यास्पर्स, हान्स प्रिन्झहॉर्न, कुर्ट श्नायडर ही सर्व नावे या एकाच संस्थेशी निगडित आहेत. मानसशास्त्राच्या अध्यापकाला यांतील पहिले, तत्त्वज्ञानाच्या अध्यापकाला तिसरे आणि कलेतिहासाच्या अभ्यासकाला चौथे नाव परिचित असते. मात्र ही माणसे एकाच वास्तूत, थोड्याबहुत अंतराने, त्याच प्रकारच्या रुग्णांसमोर बसत होती हे सहसा लक्षात येत नाही.

याच नामावळीत १९३३ ते १९४५ या वर्षांसमोर कार्ल श्नायडर हे नाव येते. नाझी राजवटीने मनोरुग्णांच्या हत्येची जी योजना राबविली तिच्या प्रमुख वैद्यकीय सल्लागारांपैकी हे एक होते. त्यांच्या कारकिर्दीला ‘काळा कालखंड’ असे नाव देऊन ती बाजूस ठेवण्याची रीत दीर्घकाळ प्रचलित होती. या रीतीने एक प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो. रुग्णाचे अवलोकन करून त्याची काटेकोर नोंद ठेवण्याची परंपरा जेथे सर्वाधिक विकसित झाली, तेथेच रुग्णांच्या हत्येला शास्त्रीय आधार पुरविणारे प्राध्यापक कसे काम करू शकले? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार रुग्णनोंदीचा धागा धरून केला आहे. आपल्याकडील रुग्णालयांत ज्याला सर्रास ‘केसपेपर’ म्हटले जाते, त्या साध्या कागदाचे हायडेलबर्गमध्ये काय काय झाले, हे पाहिले असता संस्थेच्या इतिहासातील परस्परविरोधी वाटणारे भाग एकमेकांना जोडलेले दिसू लागतात.

स्थापना आणि तिचे प्रयोजन

हायडेलबर्ग विद्यापीठाची स्थापना १३८६ मधील असली, तरी तेथील मनोविकार चिकित्सालय १८७८ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी बाडेन संस्थानातील मनोरुग्णांची व्यवस्था निराळ्या कल्पनेवर आधारलेली होती. हायडेलबर्गमध्येच असलेले जुने मनोरुग्णालय १८४२ मध्ये इलेनाऊ येथे हलविण्यात आले. त्याचे प्रमुख रोलर यांचे मत असे की, रुग्णाला त्याच्या कुटुंबापासून व शहराच्या गजबजाटापासून दूर, निसर्गाच्या सान्निध्यात ठेवल्याविना उपचार शक्य नाहीत. इलेनाऊची कीर्ती मोठी होती. परंतु वैद्यकाच्या विद्यार्थ्याला तेथील रुग्ण दिसत नसत. मनोविकारांचे शिक्षण द्यावयाचे तर रुग्ण विद्यापीठाजवळ असावयास हवेत, हा विचार बर्लिनमध्ये ग्रीझिंगर यांनी १८६० च्या दशकात आग्रहाने मांडला होता. कार्ल फ्युर्स्टनर यांच्या नेतृत्वाखाली हायडेलबर्गला उभे राहिलेले चिकित्सालय त्या विचाराचेच फळ होय.

येथे एक संस्थात्मक अडचण आरंभापासून होती. विद्यापीठाचे चिकित्सालय लहान होते. तेथे नव्याने आजारी पडलेले रुग्ण यावेत, त्यांची तपासणी व अध्यापनासाठी उपयोग व्हावा आणि जे बरे होत नाहीत ते इलेनाऊ, फोर्झहाइम किंवा एमेंडिंगेन येथील मोठ्या संस्थांत पाठविले जावेत, अशी रचना होती. म्हणजे प्राध्यापकाला आजाराचा आरंभ दिसे, शेवट दिसत नसे. ज्या डॉक्टरांना शेवट दिसे ते विद्यापीठात नव्हते. पुढील घडामोडींच्या दृष्टीने ही विभागणी महत्त्वाची आहे.

क्रेपेलिन यांची कार्डे

१८९१ मध्ये पस्तिशीतील एमिल क्रेपेलिन हायडेलबर्गला आले. त्यापूर्वी पाच वर्षे ते रशियन साम्राज्यातील दोर्पात, म्हणजे आजच्या एस्टोनियातील तार्तू, येथे प्राध्यापक होते. तेथील बहुतेक रुग्णांची भाषा त्यांना येत नसे. दुभाष्यामार्फत बोलावे लागे. रुग्ण काय सांगतो यापेक्षा तो कसा वागतो आणि कालांतराने त्याचे काय होते याकडे त्यांचा कल झुकण्यामागे ही परिस्थितीही असावी, असे मत अनेकांनी व्यक्त केले आहे आणि ते पटण्याजोगे आहे. लाइप्झिगला वुंट यांच्या प्रयोगशाळेत घेतलेले शिक्षण हा दुसरा संस्कार. मोजता येईल तेच शास्त्र, ही त्यांची श्रद्धा होती.

हायडेलबर्गमध्ये त्यांनी प्रत्येक रुग्णासाठी एक कार्ड तयार करण्यास सुरुवात केली. सविस्तर केसपेपर वेगळा असे. कार्डावर त्याचे सार, म्हणजे वय, आजाराची सुरुवात, ठळक लक्षणे, प्रथमदर्शनी निदान लिहिले जाई. रुग्ण अन्य संस्थेत गेला तरी कार्ड राहत असे. पुढे त्या संस्थेकडून माहिती मागवून किंवा प्रत्यक्ष जाऊन रुग्णाची स्थिती पाहून कार्डात भर घालावयाची आणि मूळ निदान चुकले असल्यास ते दुरुस्त करावयाचे, अशी ही पद्धत होती. आरंभ व शेवट यांची जी फारकत संस्थांच्या रचनेने केली होती, ती कागदावर सांधण्याचा हा प्रयत्न होता. सुट्टीत कार्डांचे गठ्ठे सोबत नेऊन ते पुनःपुन्हा लावून पाहण्याची क्रेपेलिन यांची सवय प्रसिद्ध आहे.

या खटाटोपातून त्यांच्या पाठ्यग्रंथाच्या आवृत्त्या घडत गेल्या. १८९३ ची चौथी, १८९६ ची पाचवी आणि १८९९ ची सहावी आवृत्ती या सर्व हायडेलबर्गच्याच. सहाव्या आवृत्तीत त्यांनी गंभीर मनोविकारांची ती सुप्रसिद्ध विभागणी पूर्ण केली. एका बाजूस अकाली मनोभ्रंश, ज्यात रुग्णाची अवस्था सामान्यतः ढासळत जाते. दुसऱ्या बाजूस उन्माद-अवसादाचा विकार, ज्यात झटके येतात व ओसरतात. पहिल्या विकाराला झुरिचच्या ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये स्किझोफ्रेनिया हे नाव दिले, ज्याला आपण मराठीत छिन्नमनस्कता म्हणतो. दुसरा आज द्विध्रुवीय विकार म्हणून ओळखला जातो. सव्वाशे वर्षांनंतरही मुंबई किंवा पुण्यातील मनोविकारतज्ज्ञ निदानाचा विचार करताना याच मोठ्या विभागणीपासून निघतात.

या यशाची दुसरी बाजू इतिहासकारांनी कार्डे प्रत्यक्ष तपासून दाखविली आहे. कार्डावर काय उतरवावयाचे हे ठरवितानाच निदानाविषयीची पूर्वकल्पना काम करीत होती. जे कल्पनेत बसत नव्हते ते सारांशात गळून जात होते. शिवाय एखाद्याची पाठवणी मोठ्या संस्थेत झाली याचे कारण अनेकदा खाटांची टंचाई हे असे. क्रेपेलिन खाटांच्या टंचाईवरून बाडेन सरकारशी सतत भांडत होते आणि १९०३ मध्ये म्युनिकला जाण्यामागे हे भांडणही होते. रुग्णाचे ‘भवितव्य’ म्हणून कार्डावर जे नोंदले जाई त्यात आजाराचा वाटा किती आणि व्यवस्थेचा किती, हे कार्ड सांगत नसे. नोंद संक्षिप्त झाली की माणसाचे काही ना काही सुटते. क्रेपेलिन यांच्या हेतूवर येथे शंका घ्यावयाची नाही. लांबवर पाण्यात बसवून प्रक्षुब्ध रुग्णाला शांत करण्याची पद्धत त्यांनी रुजविली आणि बांधून ठेवण्याला विरोध केला, याची नोंद घ्यावयास हवी. मात्र वंशाच्या अधःपतनाविषयीच्या त्या काळातील कल्पनाही त्यांनी पुढे उचलून धरल्या, हेही खरे आहे.

याच चिकित्सालयात त्यांनी श्रमाचे मापनही केले. आकड्यांची अखंड बेरीज करावयास लावून थकवा, सराव व विश्रांती यांचे आलेख त्यांनी काढले. समाजशास्त्राच्या अध्यापकांना हे सांगावेसे वाटते की, हायडेलबर्गचेच माक्स वेबर यांनी १९०८-०९ मध्ये औद्योगिक श्रमाच्या मानसशास्त्रावर लिहिताना या प्रयोगांचा बारकाईने परामर्श घेतला आहे. मनोरुग्ण आणि काम यांचे नाते पुढे याच संस्थेत फार निराळ्या वळणावर जाणार होते.

निस्ल आणि यास्पर्स

क्रेपेलिन यांच्यानंतर फ्रान्झ निस्ल प्रमुख झाले आणि १९१८ पर्यंत राहिले. चेतापेशींना रंगविण्याची त्यांच्या नावाची पद्धत आजही प्रयोगशाळांत वापरली जाते. मनोविकाराचे मूळ मेंदूच्या पेशीत सापडेल या आशेने ते सूक्ष्मदर्शकासमोर बसत; आणि आश्चर्य असे की, या आशेला आव्हान देणारा ग्रंथ त्यांच्याच आश्रयाने लिहिला गेला.

कार्ल यास्पर्स १९०९ च्या सुमारास बिनपगारी साहाय्यक म्हणून चिकित्सालयात आले. फुप्फुसांच्या जुनाट विकारामुळे त्यांना नेहमीची वॉर्डातील ड्युटी झेपत नसे. निस्ल यांनी त्यांना मोकळीक दिली. हवे ते रुग्ण पाहावेत, ग्रंथालयात बसावे, चर्चेला यावे. या मोकळिकीतून १९१३ मध्ये त्यांचा ‘सामान्य मनोविकृतिशास्त्र’ हा ग्रंथ सिद्ध झाला, तेव्हा ते तीस वर्षांचे होते. संशोधनाला वेळ द्यावा की कामाचे तास मोजावेत, हा वाद आपल्या महाविद्यालयांतही नवा नाही.

यास्पर्स यांचे म्हणणे थोडक्यात असे. मनोविकाराकडे पाहण्याच्या दोन रीती आहेत. एक कार्यकारणाची, जी निसर्गविज्ञानाची आहे. मेंदूतील बदलाने स्मृती जाते, हे त्या रीतीने स्पष्ट करता येते. दुसरी आकलनाची; अपमानित माणूस रागावतो हे आपल्याला आतून कळते, त्याला नियमाची गरज पडत नाही. डिल्टाय व वेबर यांच्या विचारांशी याचे नाते उघड आहे. यास्पर्स यांनी मनोविकारतज्ज्ञाला बजावले की रुग्णाचा अनुभव त्याच्या शब्दांत, कोणताही सिद्धान्त मध्ये न आणता, आधी नोंदवून घ्यावा. क्रेपेलिन यांच्या कार्डावरून जे गळत होते ते परत मिळविण्याचा हा मार्ग होता. ग्रंथातील रुग्णांची स्वकथने वाचताना आजही ती माणसे समोर उभी राहतात.

परंतु यास्पर्स यांनी आकलनाला एक सीमाही आखली. खऱ्या भ्रमाच्या मुळाशी जो अनुभव असतो तो इतरांना कधीच कळू शकत नाही, तेथे आकलन थांबते, असे ते म्हणत. ही सीमा तत्त्वज्ञाच्या विनयातून आली होती. तरीही एका प्रकारच्या रुग्णांना ‘अनाकलनीय’ असे नाव त्यातून मिळाले, आणि शब्द एकदा रूढ झाला की तो वापरणाऱ्याकडे मूळ विनय असतोच असे नाही. यास्पर्स स्वतः लवकरच तत्त्वज्ञानाकडे वळले.

चित्रांचा संग्रह

निस्ल यांच्यानंतर आलेल्या कार्ल विल्मन्स यांच्या काळात नोंदीचे एक तिसरे रूप पुढे आले. मनोरुग्णांनी स्वतःहून काढलेली चित्रे व केलेल्या वस्तू जमविण्याचे काम त्यांनी १९१९ मध्ये हान्स प्रिन्झहॉर्न यांच्याकडे सोपविले. प्रिन्झहॉर्न यांनी कलेतिहासात डॉक्टरेट मिळवून नंतर वैद्यकाचे शिक्षण घेतले होते. जर्मन भाषक प्रदेशांतील संस्थांना पत्रे गेली आणि दोन वर्षांत सुमारे ४५० रुग्णांच्या सुमारे ५,००० कृती हायडेलबर्गला जमा झाल्या. काही चित्रे वर्तमानपत्राच्या कडेवर, पाकिटांच्या मागे, टॉयलेटच्या कागदावर काढलेली होती. आग्नेस रिख्टर नावाच्या शिवणकाम करणाऱ्या रुग्णेने संस्थेच्या कापडातून जाकीट शिवून त्यावर आपली वाक्ये सुईदोऱ्याने भरली होती. त्यांतील बरीच आजही वाचता येत नाहीत.

१९२२ मध्ये प्रिन्झहॉर्न यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. चित्रावरून निदान करणे हा त्याचा हेतू नव्हता. मनुष्यमात्रात असलेली रूपनिर्मितीची प्रेरणा त्यांना दाखवावयाची होती. पॉल क्ली यांना तो ग्रंथ ठाऊक होता, माक्स अर्न्स्ट यांनी तो पॅरिसला नेला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर दुब्युफे यांच्या कलाविचारामागेही त्याची प्रेरणा होती. ग्रंथात दहा चित्रकारांचा स्वतंत्र परिचय आहे. त्यांतील ‘फ्रान्झ पोल’ यांना प्रिन्झहॉर्न यांनी सर्वांत वरचे स्थान दिले. रुग्णाची ओळख झाकण्यासाठी हे टोपणनाव होते. खरे नाव फ्रान्झ कार्ल ब्युलर. हे कुशल लोहकलाकार होते. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात त्यांच्या लोखंडी कामाचे कौतुक झाले होते. १८९८ पासून ते मनोरुग्णालयांतच होते.

विल्मन्स यांच्याभोवती ग्रुले, मायर-ग्रोस यांच्यासारखे अभ्यासक होते व छिन्नमनस्कतेवरील त्यांचे काम युरोपभर वाचले जात होते. १९३३ मध्ये हिटलर आणि गोअरिंग यांच्याविषयी केलेल्या शेऱ्यांवरून विल्मन्स यांना पदच्युत करण्यात आले. ज्यू असल्याने मायर-ग्रोस इंग्लंडला गेले. तेथे स्लेटर व रॉथ यांच्यासह त्यांनी लिहिलेले पाठ्यपुस्तक १९५४ मध्ये निघाले आणि इंग्रजीतून शिकणाऱ्यांच्या काही पिढ्यांना हायडेलबर्गचा वारसा त्याच मार्गाने मिळाला.

एक पानी नमुना

कार्ल श्नायडर १९३३ मध्ये प्रमुखपदी आले. ते १९३२ पासून नाझी पक्षाचे सदस्य होते. केवळ पक्षनिष्ठेमुळे पद मिळालेला सुमार डॉक्टर अशी त्यांची प्रतिमा उभी करणे सोयीचे ठरले असते. वस्तुस्थिती तशी नाही. ते बेथेल येथील प्रसिद्ध धर्मादाय संस्थेत प्रमुख चिकित्सक होते, छिन्नमनस्कतेवर त्यांनी दखलपात्र लेखन केले होते आणि रुग्णाला कामात गुंतवून बरे करण्याच्या पद्धतीचे ते कळकळीचे पुरस्कर्ते होते. बागकाम, विणकाम, दुरुस्ती यांतून रुग्ण पुन्हा समाजात परतू शकतो, असे ते १९३९ च्या आपल्या ग्रंथात सांगत होते. ज्या काळात बहुतेक संस्थांत रुग्ण वर्षानुवर्षे खाटेवर पडून असत, त्या काळात हा विचार पुरोगामी वाटावा असाच होता.

त्याच ग्रंथाच्या नावात ‘उपचार’ या शब्दासोबत ‘प्रतिबंध’ हा शब्दही आहे. प्रतिबंध म्हणजे सक्तीचे निर्बीजीकरण. १४ जुलै १९३३ च्या कायद्याने ते सुरू झाले आणि राजवटीच्या अखेरीपर्यंत सुमारे चार लाख स्त्री-पुरुषांवर ते लादले गेले. कामाने बरे होणाऱ्यांसाठी उपचार, प्रजननातून आजार पसरविणाऱ्यांसाठी शस्त्रक्रिया, आणि मग तिसरा वर्ग उरतो : ज्यांना काम जमतच नाही असे. श्नायडर यांच्या उपचारपद्धतीतच रुग्णांचे मूल्य ठरविण्याची मोजपट्टी दडलेली होती, असे म्हणावे लागते.

१९३९ मध्ये जर्मनीतील सर्व मनोरुग्णालयांकडे एक पानी छापील नमुना गेला. रुग्णाचे नाव, वंश, निदान, संस्थेत किती वर्षे, नियमित भेटावयास कोणी येते काय, कोणते काम करतो, एवढेच त्यात विचारले होते. भरलेल्या नमुन्याच्या प्रती बर्लिनहून तज्ज्ञ परीक्षकांकडे जात. परीक्षक रुग्णाला पाहत नसत. कागदाच्या कोपऱ्यात लाल अधिक चिन्ह केले तर मृत्यू, निळे वजा चिन्ह केले तर जीवन. सुमारे चाळीस परीक्षकांत विद्यापीठांचे प्राध्यापक होते आणि कार्ल श्नायडर त्यांपैकी एक. बर्लिनच्या टियरगार्टन रस्त्यावरील चार क्रमांकाच्या घरावरून ‘टी-४’ म्हटल्या जाणाऱ्या या योजनेत जानेवारी १९४० ते ऑगस्ट १९४१ या काळात सहा ठिकाणच्या विषारी वायूच्या कोठड्यांत ७०,००० हून अधिक रुग्ण मारले गेले. त्यानंतर उपासमार व औषधांचा अतिरेक यांच्या साहाय्याने हत्या युद्धाच्या शेवटापर्यंत चालू राहिल्या.

आकाराने लहान असलेले ते कार्ड आणि हा एक पानी नमुना यांत थेट वारसा सांगणे अतिशयोक्तीचे होईल. कार्ड दुरुस्तीसाठी उघडे होते. पुढच्या भेटीत निदान बदलू शकत होते. नमुन्यात ती सोय नव्हती. पण दूरच्या रुग्णाविषयीचा निर्णय कागदावरून घेता येतो, ही सवय विद्यापीठीय मनोविकारशास्त्राने स्वतःला अर्धशतकभर लावून घेतली होती, हे नाकारता येत नाही.

हायडेलबर्गचे आपले असे एक प्रकरणही यात आहे. श्नायडर यांना जन्मजात व उत्तरकालीन मतिमंदत्व यांतील फरक शोधावयाचा होता. त्यासाठी प्रथम वीसलोख येथे व १९४३ पासून विद्यापीठाच्या चिकित्सालयात संशोधन विभाग चालविण्यात आला. ५२ मुलांची आठवडेच्या आठवडे तपासणी झाली. रक्ताच्या चाचण्या, बुद्धिमापन, मेंदूच्या पोकळीत हवा भरून घेतलेली वेदनादायक क्ष-किरण चित्रे, वर्तनाची रोजची टिपणे, असे सर्व काही. या मुलांचे केसपेपर संस्थेच्या इतिहासातील सर्वाधिक तपशीलवार केसपेपरांपैकी आहेत. तपासणीची अखेरची पायरी मेंदूची पाहणी ही होती आणि ती जिवंतपणी शक्य नव्हती. १९४४ मध्ये त्यांपैकी २१ मुलांना आइखबर्ग येथील संस्थेत पाठवून ठार मारण्यात आले. तेव्हा अपुऱ्या, घाईच्या नोंदीला दोष देऊन येथे भागत नाही. नोंद परिपूर्ण होती. ती कशासाठी होती, हा प्रश्न आहे.

चित्रसंग्रहाचाही उपयोग करून घेण्यात आला. ‘अवनत कला’ या नावाचे जे प्रदर्शन १९३७ मध्ये म्युनिकला भरले, त्याच्या पुढील फेरीसाठी श्नायडर यांनी संग्रहातील कृती दिल्या. आधुनिक चित्रकार व मनोरुग्ण यांची चित्रे शेजारी लावून दोघांचीही विटंबना करण्यात आली. एमेंडिंगेन येथे असलेले ब्युलर यांना मार्च १९४० मध्ये ग्राफेनेक येथे नेऊन मारण्यात आले. संग्रहातील इतरही काही चित्रकारांचा शेवट असाच झाला.

युद्धानंतर

अमेरिकन सैन्याने ३० मार्च १९४५ रोजी हायडेलबर्ग घेतले. यास्पर्स यांची पत्नी ज्यू होती. त्यामुळे १९३७ मध्ये त्यांचे प्राध्यापकपद गेले होते. एप्रिलच्या मध्यास दोघांचीही रवानगी ठरली असल्याचे त्यांना नंतर समजले. विद्यापीठ पुन्हा उघडण्याच्या कामात ते अग्रभागी होते आणि जर्मनांच्या दोषाविषयीचा त्यांचा छोटा ग्रंथ १९४६ मधला आहे. कार्ल श्नायडर यांना अटक झाली. डिसेंबर १९४६ मध्ये फ्रँकफर्ट येथे कोठडीत त्यांनी गळफास घेतला. त्यामुळे हायडेलबर्गच्या संशोधनाची न्यायालयात तपशीलवार चौकशी अशी झालीच नाही आणि त्या विभागाशी संबंधित काहींची वैद्यकीय कारकीर्द पुढेही चालू राहिली.

१९४६ मध्ये आलेले नवे प्रमुख कुर्ट श्नायडर यांचे आधीच्या श्नायडरांशी कोणतेही नाते नव्हते. विचारांनी ते यास्पर्स यांच्या परंपरेतले. छिन्नमनस्कतेच्या निदानासाठी त्यांनी सांगितलेली ‘प्रथम श्रेणीची लक्षणे’, उदाहरणार्थ आपले विचार मोठ्याने ऐकू येणे, आपल्या मनात दुसऱ्याने विचार घातले असे वाटणे, ही जगभरच्या विद्यार्थ्यांनी तोंडपाठ केली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने छिन्नमनस्कतेचा जो नऊ केंद्रांतील अभ्यास हाती घेतला, त्यात आग्रा हे केंद्र होते आणि तेथील तपासणीत या लक्षणांना मोठे वजन होते. १९९२ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही ते राहिले. २०१३ च्या अमेरिकन वर्गीकरणाने व त्यानंतरच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने ते कमी केले. नजीकच्या भूतकाळाविषयी मात्र कुर्ट श्नायडर यांच्या काळातील चिकित्सालय मौनच राहिले. स्वच्छ, कोरडी, लक्षणांपुरती मर्यादित भाषा त्या मौनाला सोयीची होती, असे म्हटल्यास फारसा अन्याय होणार नाही.

मौन मोडण्यास सुरुवात झाली ती वेगळ्या दिशेने. १९५५ मध्ये वाल्टर फॉन बायर प्रमुख झाले. त्यांचे वडील हायडेलबर्गलाच अस्थिव्यंगशास्त्राचे प्राध्यापक होते व ज्यू वंशसंबंधामुळे १९३३ मध्ये त्यांना काढून टाकण्यात आले होते. छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या भरपाईचे अर्ज तज्ज्ञमतासाठी चिकित्सालयाकडे येत. जर्मन मनोविकारशास्त्राचे प्रस्थापित मत असे होते की, निरोगी मन कोणताही आघात काही काळाने पचविते. त्रास टिकला तर मूळ प्रकृतीच दुबळी असावी किंवा भरपाईचा लोभ असावा. या मताच्या आधारे अनेक अर्ज फेटाळले जात होते. फॉन बायर, हेफनर व किस्कर यांनी या माणसांचे म्हणणे सविस्तर ऐकून नोंदविले आणि १९६४ मध्ये ‘छळ झालेल्यांचे मनोविकारशास्त्र’ हा ग्रंथ सिद्ध केला. ज्यांचे पूर्वायुष्य सर्वस्वी निरोगी होते तेही छळामुळे कायमचे आजारी होऊ शकतात, असे त्यात साधार दाखविले आहे. माझ्या मते या संस्थेच्या इतिहासातील हे सर्वांत मोलाचे काम होय, आणि क्रेपेलिनइतकी प्रसिद्धी त्याला मिळालेली नाही याचे आश्चर्य वाटते.

१९७०-७१ मध्ये बाह्यरुग्ण विभागातील वोल्फगांग हुबर या साहाय्यक डॉक्टरांच्या बडतर्फीवरून रुग्णांनी ‘समाजवादी रुग्ण समूह’ स्थापन केला. आजाराचे मूळ भांडवलशाही समाजात आहे, अशी त्याची भूमिका होती. प्रकरण चिघळत गेले, पोलिसी कारवाई झाली आणि काही सदस्य पुढे दहशतवादाकडे वळले. त्याचा फायदा-तोटा मोजणे येथे अप्रस्तुत आहे. याच दशकात पश्चिम जर्मनीच्या संसदेपुढे १९७५ मध्ये आलेल्या चौकशी अहवालाने मोठ्या मनोरुग्णालयांतील अमानुष स्थिती उघड केली व उपचार वस्तीच्या जवळ आणण्यास चालना दिली. शेजारच्या मानहाइम येथे त्याच वर्षी हेफनर यांच्या नेतृत्वाखाली केंद्रीय मनःस्वास्थ्य संस्था सुरू झाली.

नावे

टी-४ योजनेत मारल्या गेलेल्यांचे सुमारे ३०,००० केसपेपर पूर्व जर्मनीच्या गुप्तचर खात्याच्या ताब्यात पडून होते. जर्मनीच्या एकीकरणानंतर ते सापडले. त्यांतील सुमारे ३,००० केसपेपरांचा नमुना घेऊन जे संशोधन झाले, त्यात हायडेलबर्गच्या वैद्यकेतिहासकारांचा मोठा सहभाग होता. रुग्णाच्या जगण्यामरण्याचा निर्णय निदानाच्या नावापेक्षा तो उपयुक्त काम करू शकतो काय यावर अधिक अवलंबून होता, असे त्यातून निष्पन्न झाले. कामाविषयीचा तो रकाना आणि कार्ल श्नायडर यांचा कामाद्वारे उपचाराचा आग्रह यांची येथे गाठ पडते.

चिकित्सालयासमोर त्या २१ मुलांचे स्मारक १९९८ मध्ये उभारण्यात आले. चित्रसंग्रह अनेक वर्षे कपाटांत व माळ्यावर धूळ खात होता; १९६० च्या दशकापासून त्याची देखभाल सुरू झाली आणि २००१ मध्ये जुन्या व्याख्यानगृहात त्याचे संग्रहालय उघडले. पुढच्याच वर्षी हत्या झालेल्या चित्रकारांच्या कृतींचे स्वतंत्र प्रदर्शन तेथे भरले.

मात्र नावे प्रसिद्ध करावीत की नाही, याविषयी जर्मनीत दीर्घकाळ दुमत होते. घराण्यात मनोविकार होता हे उघड झाल्यास हयात नातेवाइकांना त्रास होईल, म्हणून मृतांची पूर्ण नावे छापली जात नसत. आडनावाचे केवळ आद्याक्षर देण्याची रीत होती. इतर बळींची नावे शिळांवर कोरली जात असताना मनोरुग्णांची झाकली जावीत, यातच आनुवंशिक कलंकाची जुनी कल्पना टिकून आहे, असा आक्षेप काही नातेवाइकांनीच घेतला. २०१८ मध्ये जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने उपलब्ध केसपेपरांतील नावांची यादी सर्वांसाठी खुली केली. हायडेलबर्गच्या संग्रहालयात ‘फ्रान्झ पोल’ यांच्या चित्रांखाली आता फ्रान्झ कार्ल ब्युलर असे लिहिलेले असते, आणि त्यापुढे जन्माचे व ग्राफेनेक येथील मृत्यूचे वर्ष.